मिरीड ढेकणांच्या नव्या प्रजातीची बातमी कशी छापावी

प्रति,
माननीय संपादक,

स. न. वि. वि.

कीटकांची एखादी नवी प्रजाती सापडल्याच्या बातम्या आता वृत्तपत्रांत वरचेवर छापून येतात आणि कीटकांच्या वर्गीकरणाचे काम करणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचा मनापासून आनंद होतो. मात्र या बातम्यांत बहुतेक वेळा कीटकाचे नाव, त्याचे छायाचित्र आणि शोध लावणाऱ्यांची नावे एवढेच असते. ती प्रजाती नवी ठरली कशावरून, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. वनस्पतींवर राहणारे मिरिडी कुलातील ढेकूण हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, म्हणून त्याच कुलाच्या आधाराने हा प्रश्न आपल्यापुढे आणि वाचकांपुढे मांडतो. जीवशास्त्राच्या मराठी परिभाषेप्रमाणे जीनस या अर्थी प्रजाती आणि स्पीशीज या अर्थी जाती हे शब्द मी या पत्रात वापरले आहेत.

ढेकूण म्हटले की अंथरुणातला रक्त पिणारा कीटकच डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात ढेकणांचे जग त्याहून कितीतरी मोठे आहे आणि त्यातले सर्वांत मोठे कुल मिरिडी हे आहे. या कुलातल्या ११,००० हून अधिक जातींची वर्णने आजवर प्रसिद्ध झाली असून त्या १,३०० हून अधिक प्रजातींत विभागल्या आहेत. बहुतेक जाती एका सेंटिमीटरच्या आतल्या, नाजूक आणि हात लागताच पाय गळून पडतील अशा असतात. चहा आणि काजूच्या कोवळ्या फुटीवर सोंड खुपसून डाग पाडणारी हेलोपेल्टिस ही प्रजाती, जिला काजूचे बागायतदार ढेकण्या म्हणतात, ती याच कुलातली. तिच्या पाठीवरचा टाचणीसारखा उभा काटा नुसत्या भिंगातूनही ओळखू येतो. कोकोच्या बागांचे आणि कपाशीच्या पात्या-बोंडांचे नुकसान करणारे मिरीड ढेकूणही याच कुलातले. आणि भातावरील तपकिरी तुडतुड्यांची अंडी शोषून शेतकऱ्याचे काम हलके करणारा सिर्टोऱ्हिनस लिव्हिडिपेनिस हाही याच कुलातला. शत्रू आणि मित्र एकाच कुलात आहेत, इतकेच नव्हे तर पुष्कळदा ते एकमेकांसारखे दिसतातही. म्हणून यातला कोण कोणाचा नातलग आहे, हे नीट ठरणे महत्त्वाचे असते.

लिनियसने १७५८ मध्ये प्राण्यांच्या नामकरणाचा पाया घातला, तेव्हा आज वेगवेगळ्या कुलांत गणले जाणारे बहुतेक ढेकूण त्याने सायमेक्स या एकाच प्रजातीत ठेवले होते. मिरिडी हे कुल १८३३ मध्ये हान या जर्मन अभ्यासकाच्या नावे नोंदले गेले. या कुलाची ओळख काही ठरावीक खुणांवरून पटते. पुढच्या पंखाचा जाड भाग टोकाकडे एका खाचेने मोडल्यासारखा होऊन तेथे त्रिकोणी तुकडा वेगळा दिसतो आणि त्यापुढच्या पातळ पटलात बहुधा दोन, क्वचित एक बंद खण असतो. एक उपकुल सोडले तर डोक्यावर साधे नेत्रक नसतात. मधल्या आणि मागच्या पायांच्या मांड्यांवर कंपने टिपणारे लांब संवेदी केस असतात आणि तेथे ते असणे ही तर या कुलाची खास खूण मानली जाते. उपकुल ठरवताना आणखी बारकाईत शिरावे लागते. पायाच्या टोकाला दोन नख्यांच्या मध्ये इवल्या उपांगांची जी जोडी असते ती मिरिनी उपकुलात मांसल आणि टोकांशी एकमेकींपासून दूर गेलेली, ऑर्थोटिलिनी उपकुलात मांसल पण टोकांशी जवळ आलेली, तर फायलिनी उपकुलात केसासारखी बारीक असते. हे पाहायला चांगले सूक्ष्मदर्शक लागते आणि अनेकदा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची मदत घ्यावी लागते.

मात्र प्रजातीचा निर्णय करायचा तर एवढ्यावर भागत नाही. नराच्या उदराचे टोक अलगद सुटे करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवले जाते. स्नायू आणि चरबी विरघळली की कठीण भाग तेवढे उरतात. ते ग्लिसरिनच्या थेंबात घेऊन बारीक सुईने वळवत वळवत पाहिले जातात. मिरीड नरांच्या जननांगातली डावी आणि उजवी पकड सारखी नसते: डावी बहुधा मोठी आणि वाकडी, तर उजवी लहान आणि साधी असते. आतला अवयव मिरिनींत पडद्यासारखा मऊ असून फुगवल्याशिवाय त्याचे कप्पे दिसत नाहीत, तर फायलिनींत तो कठीण, वळणदार आणि पुष्कळदा इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचा असतो. बाहेरून अगदी एकसारखे दिसणारे दोन ढेकूण येथे एकदम परके ठरतात आणि रंगाने सर्वस्वी निराळे दिसणारे दोघे येथे जवळचे निघतात. हे सारे चित्रित करून, सुटा केलेला भाग ग्लिसरिनच्या इवल्याशा नळीत घालून ती नळी त्याच नमुन्याच्या टाचणीला अडकवून ठेवायची असते. पुढे शंभर वर्षांनी कोणाला शंका आली, तरी त्याला नेमका तोच भाग पाहता आला पाहिजे. मादीच्या जननमार्गातील कठीण कड्या आणि भिंतही असेच बारकावे दाखवतात, परंतु अनेक वर्णनांत मादीचा उल्लेखच नसतो, कारण ती हाती लागलेली नसते. मादी अज्ञात आहे, असे प्रामाणिकपणे लिहिणारा शोधनिबंध मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जाती ही निसर्गात प्रत्यक्ष परस्परांत वीण करणारी असते, तिची कसोटी निदान तत्त्वतः निसर्गात घेता येते. प्रजातीचे तसे नाही. अमुक इतका फरक दिसला की नवी प्रजाती करावी, असे कोणतेही माप नाही. प्रजाती म्हणजे नातेसंबंधाविषयीचे विधान आहे: या सर्व जाती एकाच पूर्वजापासून आल्या आणि त्या पूर्वजाची सारी ज्ञात संतती आम्ही या एका नावाखाली घेतली आहे, असा दावा त्या नावामागे असतो. म्हणून शोधनिबंधात दोन गोष्टी सिद्ध करून दाखवाव्या लागतात. नव्या प्रजातीची वैशिष्ट्ये कोणती, ही पहिली. आणि ती वैशिष्ट्ये पूर्वजाकडून वारशाने आली आहेत, वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे उद्भवलेली नाहीत, ही दुसरी. दुसरी गोष्ट फार अवघड असते. मिरीड ढेकणांत मुंगीसारखे दिसण्याची प्रवृत्ती पुन्हा पुन्हा आणि वेगवेगळ्या उपकुलांत निर्माण झाली आहे. कंबर बारीक, उदर गोल, पंख आखूड किंवा त्यांवर कंबरेचा भास निर्माण करणारा पांढरा पट्टा, चालही मुंगीचीच. एवढे साम्य पाहून दोन ढेकणांना एका प्रजातीत घालायचा मोह कोणालाही होईल. पण भक्षकांपासून बचाव हे त्या साम्याचे कारण असू शकते, आणि मग ते साम्य नात्याचा पुरावा म्हणून चालत नाही.

याच्या उलट चूकही होते आणि ती नव्या प्रजातीच्या बातम्यांच्या संदर्भात अधिक महत्त्वाची आहे. एखादा ढेकूण इतका विलक्षण दिसतो की तो कोणत्याही ज्ञात प्रजातीत बसत नाही असे वाटते आणि त्या एकट्या जातीसाठी नवी प्रजाती उभी केली जाते. असे करणे नियमाला धरून आहे. एकाच जातीच्या प्रजाती मिरिडी कुलात पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या अनेक योग्यही आहेत. परंतु तो विलक्षण ढेकूण एखाद्या जुन्या प्रजातीच्याच एका शाखेतून निघालेला असेल, तर त्याला वेगळे काढल्यावर उरलेली जुनी प्रजाती अपुरी राहते, कारण एका पूर्वजाची सगळी संतती तिच्यात उरत नाही. नवे घर उभारताना जुन्या घराची भिंत पडली का, हे पाहण्यासाठी जवळच्या सगळ्या प्रजातींचे नमुने समोर ठेवून तुलना करावी लागते. म्हणून नव्या प्रजातीचा शोधनिबंध वाचताना मी आधी नव्या कीटकाचे छायाचित्र पाहत नाही. तुलनेसाठी कोणकोणत्या प्रजातींचे नमुने तपासले आणि ते कोठून आणले, तो परिच्छेद आधी वाचतो. तो परिच्छेद त्रोटक असेल, तर छायाचित्र कितीही सुंदर असले तरी दावा कच्चा आहे असे समजावे.

लायगस या प्रजातीचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. एके काळी तिच्यात जगभरातल्या कितीतरी हिरवट-तपकिरी ढेकणांचा भरणा झाला होता. जननांगांचा अभ्यास वाढला तसतशा तिच्यातून अनेक प्रजाती वेगळ्या काढाव्या लागल्या. त्याचा परिणाम केवळ संग्रहालयातल्या खोक्यांवरच्या चिठ्ठ्या बदलण्यापुरता नव्हता. चीनमध्ये बीटी कपाशीची लागवड वाढल्यावर बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्या आणि पूर्वी त्या फवारण्यांत आपोआप मरणारे मिरीड ढेकूण कपाशीवर व आसपासच्या फळझाडांवर वाढले. त्यांतला प्रमुख अपोलायगस लुकोरम. याच जातीविषयीची जुनी माहिती लायगस लुकोरम आणि लायगोकोरिस लुकोरम या नावांखाली विखुरलेली आहे. तिची यजमान झाडे, तिचे जीवनचक्र, तिचे नैसर्गिक शत्रू यांची माहिती शोधणाऱ्याला तिन्ही नावे ठाऊक नसतील, तर अर्धे ज्ञान त्याच्या नजरेआड राहते. प्रजातीची सीमा बदलली की नाव बदलते, त्यामुळे ही सीमा पुरेशा पुराव्याविना हलवणे हे पुढच्या सगळ्यांच्या माथी खर्च मारण्यासारखे आहे. आणि पुरावा असताना ती न हलवणे हेही तितकेच चूक, कारण नात्याने जवळच्या जातींच्या सवयी पुष्कळदा सारख्या असतात आणि नव्याने उपद्रव देऊ लागलेल्या कीटकाविषयी पहिला अंदाज त्याच्या नातलगांवरूनच बांधला जातो.

नावाचे नियम वाचकांना रुक्ष वाटतील, पण त्यांत शहाणपण आहे. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार १९३० नंतर प्रसिद्ध झालेल्या नव्या प्रजातीच्या नावासोबत तिला इतरांपासून वेगळे करणाऱ्या लक्षणांचे वर्णन असावे लागते आणि तिची प्ररूप जाती, म्हणजे ते नाव जिच्याशी कायमचे बांधले आहे अशी एक जाती, त्याच लेखनात निश्चित करावी लागते. पुढे ती प्रजाती कितीही वेळा विभागली गेली, तरी नाव प्ररूप जातीबरोबरच जाते. नव्या जातीसाठी २००० पासून मूळ प्ररूप नमुना स्पष्टपणे नेमावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाणार आहे हे लिहावे लागते. केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध होणाऱ्या लेखनाला २०१२ पासून मान्यता मिळाली, पण त्यासाठी झूबँक या नोंदवहीत आधी नोंदणी आवश्यक आहे. प्रजातीचे नाव सबंध प्राणिसृष्टीत एकमेव असावे लागते. ऑस्ट्रेलियातल्या बदकचोच्या सस्तन प्राण्याला १७९९ मध्ये दिलेले प्लॅटिपस हे नाव टिकले नाही, ते एवढ्याचसाठी की एका भुंगेऱ्याच्या प्रजातीला ते आधीच दिलेले होते. त्या प्राण्याचे शास्त्रीय नाव आज ऑर्निथोऱ्हिंकस असे आहे. एवढ्या प्रसिद्ध प्राण्याला एका लहानशा भुंगेऱ्यासाठी माघार घ्यावी लागली, याचे मला नेहमीच समाधान वाटते. नियम आकार पाहत नाही.

डीएनएच्या चाचणीने आता हे सारे क्षणात ठरते, असा समज सर्वत्र पसरला आहे, त्याविषयी थोडे लिहितो. बारकोड म्हणून वापरला जाणारा जनुकाचा छोटा तुकडा जाती ओळखण्यासाठी आणि नर-मादी किंवा पिल्ले-प्रौढ यांची जोडी जुळवण्यासाठी फार उपयोगी पडतो. मिरिडींत ही मदत मोलाची आहे, कारण काही जातींत नर लांब पंखांचे आणि माद्या आखूड पंखांच्या, इतक्या निराळ्या दिसतात की त्यांना दोन वेगळे कीटक समजले जाऊ शकते. परंतु प्रजातीची सीमा कोठे आखावी, हे तेवढा एक तुकडा सांगत नाही. त्यासाठी अनेक जनुके, शरीररचनेची लक्षणे आणि शक्य तितक्या नातलग जाती एकत्र घेऊन वंशवृक्ष मांडावा लागतो, आणि तरीही निष्कर्ष गृहीतकच राहतो.

यजमान वनस्पतीची नोंद हा भाग तर सर्वांत दुर्लक्षित आहे. कितीतरी मिरीड जाती एकाच वनस्पतीवर किंवा तिच्या जवळच्या नातलगांवर राहतात. दिव्याच्या सापळ्यात आलेल्या नमुन्यावर ठिकाण आणि तारीख असते, झाडाचे नाव नसते. फांदी झटकून गोळा केलेल्या नमुन्यासोबत झाडाची फुलोऱ्यासह डहाळी वाळवून ठेवली, तर पुढे त्या झाडाची ओळखही पडताळता येते. त्याच झाडावर पिल्ले सापडली, तर तो ढेकूण तेथे नुसता विसावला नव्हता, वाढत होता, हे पटते. दक्षिण आफ्रिकेतील रोरिडुला ही वनस्पती आपल्या चिकट केसांवर कीटक पकडते, पण ते पचवण्यासाठी पामेरिडिया या प्रजातीच्या मिरीड ढेकणांवर अवलंबून असते: हे ढेकूण त्या चिकट पानांवर न अडकता फिरतात, अडकलेले कीटक शोषतात आणि त्यांच्या विष्ठेतून वनस्पतीला नायट्रोजन मिळतो. रोरिडुलाच्या दोनच जाती आहेत आणि पामेरिडियाच्याही दोनच. वनस्पतीचे नाव चिठ्ठीवर नसते, तर पामेरिडिया ही संग्रहातली आणखी एक लहानशी प्रजाती एवढीच तिची ओळख राहिली असती.

या सगळ्याचा आधार म्हणजे संग्रहालये. मिरिडी कुलाची जगभरातली पहिली सविस्तर आधुनिक सूची ब्राझीलच्या कार्व्हाल्यो यांनी १९५७ ते १९६० या काळात भागशः प्रसिद्ध केली. त्या वेळी ते रिओ दी जानेरोच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक होते. त्याच संग्रहालयाला २ सप्टेंबर २०१८ रोजी आग लागली आणि तेथील कीटकसंग्रहाचा बहुतांश भाग जळून गेला. छायाचित्रे आणि वर्णने उरतात हे खरे, पण ज्या लक्षणाकडे आज कोणाचे लक्षच गेलेले नाही ते छायाचित्रात नसते. ते पाहायला नमुनाच हाताशी लागतो. अशा वास्तूंचे विजेचे तारकाम आणि अग्निशमन व्यवस्था यांवर होणारा खर्च हा विज्ञानावरचाच खर्च आहे, असे मी मानतो. नमुने सांभाळणारा आणि ते ओळखू शकणारा माणूस निवृत्त झाल्यावर त्याची जागा रिकामी ठेवणे हेही आगीइतकेच नुकसानीचे आहे. फक्त त्याची बातमी होत नाही.

नव्या प्रजातीची माहिती देणाऱ्या अभ्यासकाला आपल्या वार्ताहरांनी काही प्रश्न अवश्य विचारावेत. किती नमुन्यांवरून वर्णन केले आणि त्यांत नर-मादी दोन्ही होते का? कोणत्या जुन्या प्रजातींशी प्रत्यक्ष तुलना केली? प्ररूप नमुना कोणत्या संग्रहात ठेवला आहे आणि इतर अभ्यासकांना तो पाहायला मिळेल का? तो कोणत्या झाडावर सापडला? यांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत छापता येतात आणि जे खरे काम करतात त्यांना ती द्यायला आनंदच होईल. ‘जगातील एकमेव’, ‘दुर्मिळ’ अशी विशेषणे मात्र टाळावीत. एकदाच सापडलेला कीटक दुर्मिळ आहे की त्याला आजवर कोणी त्या झाडावर शोधलेच नाही, हे पहिल्या वर्णनावरून सांगता येत नाही. आणखी एक विनंती. आज नवी ठरलेली प्रजाती दहा वर्षांनी एखाद्या जुन्या प्रजातीत विलीन केली गेली, तर तीही बातमी समजून त्याच पानावर छापावी, आणि ‘आधीचे संशोधन खोटे निघाले’ असे मथळ्यात न लिहिता, कोणता नवा पुरावा हाती आला ते लिहावे.

कळावे,

आपला,
कीटकवर्गीकरणाचा एक अभ्यासक